बुडवून ठेवलेला डोंगा

लाकूड कुजायला किती दिवस लागतात, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. कोणतं लाकूड? कुठे ठेवलेलं? झाडाच्या गाभ्यातलं की सालीजवळचं पांढरं? लग्नकार्यात भेटणारे लांबचे नातेवाईक एवढं ऐकून घेत नाहीत. त्यांना आपल्या दाराची चौकट किती वर्षं टिकेल याचा एक आकडा हवा असतो. तो मिळाला नाही की, मग ही दिवसभर तिथे करते तरी काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

मी करते ते असं. चंद्रपुरात लाकूड तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. लाकडाचे काडेपेटीपेक्षा थोडे मोठे ठोकळे कापायचे, ओव्हनमध्ये पार सुकवायचे आणि वजन करायचं. काचेच्या बाटलीत बुरशीचं खाणं ओतायचं; ते थंड झालं की पातळ गुळासारख्या रंगाची खळ जमते. त्यावर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचा तिळाएवढा तुकडा ठेवायचा. ती पसरली की तिच्या अंगावर ठोकळा ठेवायचा आणि चार महिने वाट पाहायची. मग ठोकळा काढून, वरची बुरशी पुसून, पुन्हा सुकवून पुन्हा वजन. जेवढं कमी भरलं तेवढं बुरशीने खाल्लं. बुरशी किती भरभर वाढते हेही पाहावं लागतं. त्यासाठी काचेच्या चपट्या बशीत ती लावायची आणि रोज सकाळी बशी उलटी धरून, बुरशी कुठवर आली तिथे मार्करने रेघ मारायची. आठवड्याभरात बशीच्या पाठीवर रेघांवर रेघा होतात. दोन रेघांमधलं अंतर मोजलं की तिची चाल कळते.

कामाला लागले तेव्हा मला हे सगळं फार भारी वाटायचं. आमच्या गावात पांढरा कोट घालून काम करणारी मी पहिलीच होते. तेव्हा डोक्यात थोडी हवा गेली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

या कामात एक नियम आहे. कधी कधी बाटलीत जास्तीचं पाणी सुटतं आणि ठोकळा ते पिऊन टच्च फुगतो. अशा ठोकळ्याला बुरशी तोंड लावत नाही. तिला ओल लागते तशी हवाही लागते, आणि पाण्याने गच्च भरलेल्या लाकडात हवेला जागाच नसते. चार महिन्यांनी असा ठोकळा जवळजवळ पहिल्या वजनाचाच निघतो. तो हिशेबात धरला तर लाकूड उगीचच टिकाऊ दिसेल, म्हणून तो मोजायचा नाही. रजिस्टरमध्ये लाल पेनाने काट मारायची, पुढे 'पाणी भरलेला, बाद' असं लिहायचं आणि ठोकळा कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. पहिल्या वर्षात मी असे कितीतरी ठोकळे बाद केले. आमच्या सरांना स्वच्छ रजिस्टर आवडायचं, आणि माझ्या काटा पट्टी लावून मारलेल्या असायच्या.

माझं गाव आरमोरीच्या बाजूला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी. आम्ही ढिवर. बाबा तलावात जाळं टाकायचे आणि हिवाळ्यात शिंगाडे काढायचे. तलावात कुणी कुठले शिंगाडे काढायचे हे मासेमारांची सोसायटी ठरवते, आणि मधल्या खोल पाण्यातला तुकडा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, असलेल्यालाच मिळतो, कारण तिथे चालत जाता येत नाही. बाबांकडे डोंगा होता. मोहाचं एकच खोड आतून कोरून केलेला, माझ्या आजोबांच्या वेळचा. बाहेरून तो काळा ठिक्कर होता आणि आतून पावलांनी घासून घासून गुळगुळीत झाला होता. त्यात बसायची जागा नव्हती. बाबा मागच्या टोकाला उभे राहून बांबूने तो ढकलायचे, आणि मी मध्ये उकिडवी बसून वेलाखालचे शिंगाडे तोडायचे. बोटांना काटे टोचायचे तरी मला तिथून उठावंसं वाटायचं नाही.

डोंग्याची एक रीत होती. होळी झाली की दुसऱ्या दिवशी तो पाळीजवळच्या खोल पाण्यात न्यायचा, त्यात दगड भरायचे आणि सरळ बुडवून टाकायचा. उन्हाळाभर, आणि मग भाताची रोवणी उरकेपर्यंत, तो पाण्याखालीच असायचा. पोळा झाला की चार माणसं पाण्यात उतरून दगड काढायची, डोंगा वर यायचा, नारळ फुटायचा. असं का करायचं हे कुणी सांगत नसे, आणि विचारतही नसे. लहानपणी उन्हाळ्यात तलावात पोहताना पायाला त्याचा काठ लागायचा. त्यावर उभं राहिलं की पाणी माझ्या हनुवटीपर्यंत यायचं.

नोकरीला वर्ष व्हायचं होतं. होळीच्या सुट्टीत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर गेले. बाबा आणि सोसायटीतले चौघे जण डोंग्यात दगड टाकत होते. हे दृश्य मी जन्मापासून पाहत आले होते, पण त्या दिवशी मला ते प्रयोगशाळेतल्या बाईच्या नजरेने दिसलं.

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी?"

"बुडवून राह्यलो. दिसत नाई का?"

"अहो, पान्यानंच तं लाकूड सडते! मी रोज थेच पाहतो. ओल भेटली का बुरशी लागलीच समजा."

"आजवर तं नाई सडला."

"आतून सडत असन. तुमाले का दिसते?"

चौघे हात थांबवून ऐकायला लागले. मग मला रंगच चढला. बुरशीचे धागे लाकडात कसे शिरतात, ते आतून कसं पोखरतात, आपल्याला वरून कसं काही कळत नाही, हे सगळं मी पाळीवर उभी राहून सांगितलं. कोरडं लाकूड बुरशी खात नाही हेही सांगितलं, आणि ते खरंच आहे. डोंगा बाहेर काढा, सावलीत ठेवा, वरून ताडपत्री घाला, एक थेंब आत जाऊ देऊ नका, की हा तुमच्या नातवापर्यंत टिकेल.

बाबा पाण्यात कमरेएवढे उभे होते. एक दगड हातात तसाच धरून त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "मले एक सांग बाई. पान्याखाली मानूस सास घेऊ शकत नाई. मंग थे बुरशी कशी घेईन?"

मी हसले. म्हणाले, "बाबा, बुरशीले का नाक असते?"

चौघेही हसले. एक जण म्हणाला, "भाऊ, आता बुरशीचं नाक पाहाले तुमाले चंद्रपूरले जा लागन." बाबाही हसले. हातातला दगड त्यांनी डोंग्यात टाकला नाही, बाजूच्या पाण्यात सोडला. "काढा रे दगड," ते चौघांना म्हणाले. "पोरीचं कामच हे आहे. तिले ठाऊक असन."

ताडपत्री मी स्वतः आरमोरीच्या बाजारातून आणली. निळी, जाड. पाळीवरच्या चिंचेखाली विटांवर डोंगा ठेवला, त्यावर ताडपत्री ओढली आणि सुतळीने चारही बाजूंनी आवळून बांधली. गाठी मीच मारल्या. वारासुद्धा आत जाणार नाही अशा मारल्या होत्या. बाबांनी त्या ओढून पाहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पक्क्या आहेत," म्हणाले. त्या दिवशी मी किती खूश होते ते आठवलं की आता अंगाची लाही होते.

ताडपत्रीखाली काय झालं असेल ते आज मी डोळे मिटून सांगू शकते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडचं ऊन. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात पाण्यात राहिलेलं लाकूड सुकलं आणि जागोजागी तडकलं. मग पाऊस सुरू झाला. जमिनीची वाफ ताडपत्रीला खालून लागायची आणि थेंब होऊन डोंग्यावर पडायची. वरून बंद, वारा नाही, आत उबारा, लाकूड ना कोरडं ना पाण्याने भरलेलं, आणि तडे पडल्यामुळे बुरशीला आत शिरायला वाटा तयार. प्रयोगशाळेत अशी हवा तयार करायला आम्हाला वीज लागते. मी तीच हवा सुतळीने बांधून दिली होती.

पहिल्या पोळ्याला डोंगा निघाला तेव्हा त्याला तडे होते. बाबांनी राळ तापवून, त्यात चिंध्या भिजवून ते भरले. मी फोनवर विचारलं, "डोंगा कसा आहे?" ते म्हणाले, "मस्त आहे." त्या हिवाळ्यात ते एका हाताने बांबू ढकलत आणि दुसऱ्या हाताने डालड्याच्या डब्याने पाणी उपसत होते, हे मला आईने खूप नंतर सांगितलं. ते तेव्हाच का नाही सांगितलं म्हणून मी आईवर चिडले. आई म्हणाली, "थे म्हनत, तिले नोको सांगू, तिच्या मनाले लागन." बाबांनी पुढच्या होळीलाही डोंगा बुडवला नाही. मी रजा नसल्याने आले नव्हते, तरी त्यांनी तीच निळी ताडपत्री काढली आणि मी बांधली होती तशीच आवळून बांधली.

दुसऱ्या हिवाळ्यात, शिंगाडे ऐन भरात असताना, आईचा फोन आला. मी बशीवर रेघ मारत होते. "तुया बाबाचा पाय डोंग्यातून आरपार गेला," ती म्हणाली. आधी मला काही समजेचना. मग तिने सांगितलं: उभे असताना पायाखालचा तळच खचला, पिंडरी सोलवटली, डोंग्यात पाणी भरलं. पाणी गळ्याएवढं होतं. वेलातून, काट्यांतून ते कसेबसे काठाला आले. जिवावरचं पिंडरीवर निभावलं होतं, पण डोंगा गेला होता.

शनिवारी घरी गेले. ओढून आणलेला डोंगा पाळीवर उलटा पडला होता. तळाला हात लावला तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखा तुकडा हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला कापूस पिंजून चिकटवावा तसे पांढरे धागे होते, पंख्यासारखे पसरलेले. असे धागे मी रोज बाटलीत पाहते. तरीही मी एक तुकडा स्वच्छ पिशवीत घालून चंद्रपूरला नेला. का नेला, ते खरं सांगते. ही बुरशी नसावी, वाळवी असावी, किंवा आधीची जुनीच कीड असावी, असं काहीतरी निघावं म्हणून. बाबांचा डोंगा परत मिळणार नव्हता, पण माझा त्यात हात नव्हता असं कागदावर यावं, एवढीच माझी खटपट होती.

ती बुरशीच निघाली. तुकड्यातला एक धागा बशीत लावला तर दुसऱ्याच दिवशी पांढरी टिकली आली. मी रेघा मारू लागले. आमच्याकडच्या नेहमीच्या बुरशीच्या रेघा जवळजवळ असतात, हिच्या लांब लांब पडायला लागल्या. आठवडा पुरा व्हायच्या आत ती बशीच्या कडेला जाऊन टेकली. सर बशी उजेडात धरून म्हणाले, "व्वा! इतकी धावणारी आपल्याकडे नव्हती. ही सांभाळून ठेवा." त्यांच्या आवाजातला आनंद खरा होता. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. नोंदीत 'कुठून मिळाली' या रकान्यात मी लिहिलं: मोहाचा डोंगा, तलाव, आरमोरी तालुका. कुणाचा, हा रकाना नव्हता.

नोंद करताना रजिस्टरची मागची पानं चाळली गेली. लाल काटा. पाणी भरलेला, बाद. पाणी भरलेला, बाद. एकेका पानावर दोन-दोन, तीन-तीन. प्रत्येकाच्या पुढे सुरुवातीचं वजन आणि शेवटचं वजन, दोन्ही माझ्याच अक्षरात, आणि दोन्हींत नाव घेण्यासारखा फरक नाही. पाण्यात बुडालेलं लाकूड चार महिने बुरशीच्या अंगावर असूनही जसंच्या तसं राहिलं होतं. हे मी पुन्हा पुन्हा तोलून पाहिलं होतं, लिहिलं होतं, आणि पट्टी लावून खोडलं होतं. आमच्यासाठी तो बिघडलेला प्रयोग होता. माझ्या बाबांच्या डोंग्यासाठी तीच राखण होती. ते दर होळीला माझ्याकडचा एक बाद ठोकळा पाण्यात ठेवत होते आणि तो दर पोळ्याला धडधाकट बाहेर येत होता. मला हे पाठ होतं. मी शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यातच वहीत लिहून घेतलं होतं की बुरशीला हवा लागते. आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाने नेमकं तेच विचारलं, तेव्हा मी त्याला नाकाचा विनोद ऐकवला.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रडल्याने काही होत नाही हे माहीत असूनही बराच वेळ रडले.

नवा डोंगा करता आला नाही. तेवढ्या घेराचा मोह आता कुणी तोडू देत नाही, आणि फुलं देणारा मोह तोडा म्हणायची आमचीही छाती नाही. कोरणारा म्हातारा तर कधीच गेला होता. एकाने पत्र्याचा डोंगा सुचवला. बाबा म्हणाले, "थो वाजते. मासोळी पयते." सोसायटीने खोल पाण्यातला तुकडा दुसऱ्याला दिला. त्यात कुणाची चूक नव्हती. नियमच तसा होता. बाबांनी थर्माकोलची खोकी बांधून तराफा केला. त्यावर पोट टेकून, पाय पाण्यात सोडून ते आता काठाकाठाने जाळं टाकतात. आयुष्यभर पाण्यावर ताठ उभा राहिलेला माणूस पालथा पडून तलावात जाताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि पाळीवरून तशीच परत फिरले.

सरांची परवानगी घेऊन मी एक प्रयोग केला. मोहाचे ठोकळे कापले. अर्धे बाटलीत डोंग्यातल्या त्या बुरशीवर ठेवले, नेहमीसारखे. अर्धे तीच बुरशी लावून बरणीत पाण्याखाली बुडवले, वर काच ठेवून, तरंगू नयेत म्हणून. चार महिने थांबले. बाटलीतले ठोकळे उचलले तर हाताला काही लागेचना, इतके हलके. पाण्यातले मात्र जसेच्या तसे होते. सर म्हणाले, हे तर माहीतच आहे, यात नवीन काय? नवीन काहीच नव्हतं. दोन्हीतला एकेक ठोकळा रुमालात बांधून मी गावी गेले. बसमध्ये काय काय बोलायचं ते मनात घोळवत होते.

बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत होते. मी रुमाल सोडला. त्यांनी पहिला ठोकळा चिमटीत धरला, नखाने दाबला. नख आत गेलं.

"हे ताडपत्रीतलं?"

"तसंच समजा."

दुसरा घेतला. नख लावलं, वास घेतला, दाराच्या चौकटीवर आपटून आवाज ऐकला.

"आन हे बुडवलेलं."

"हो."

"म्हंजे मी इचारलं होतं थे बरोबर होतं."

"बरोबर होतं, बाबा. चुकलं माझं. मले ठाऊक होतं आन तरी मी…" घोळवलेलं सगळं विसरले.

"चुकते मानूस," ते म्हणाले. "मीही काढलाच ना दगड. थे जाऊ दे." त्यांनी चांगला ठोकळा माझ्या हातात परत दिला. आवाजात राग नव्हता. कितीतरी दिवस काहीतरी जाणून घ्यायचं राहून गेलेलं असावं, तसं त्यांनी विचारलं, "पन बाई, तवा तू हसली काऊन?"

उत्तर मला माहीत होतं. चार माणसं पाहत होती आणि मला त्यांच्यासमोर बापापेक्षा हुशार दिसायचं होतं. एवढंच होतं. मी ठोकळा परत रुमालात गुंडाळला.

 बाबांनी जाळं खांद्यावर टाकलं, थर्माकोलचा तराफा काखेत मारला आणि ते तलावाकडे गेले.

डोंग्यातली ती बुरशी अजून आमच्याकडे प्रयोगशाळेत आहे. बाटलीतलं खाणं संपलं की ती मरते, म्हणून दर तीन महिन्यांनी तिचा तिळाएवढा तुकडा नव्या बाटलीत लावावा लागतो. ते काम माझ्याकडेच आहे.